आठ मिळवले, सात हवे होते

सुराफेल माझ्या धाकट्या बहिणीचा, झेनेबेचचा, मुलगा. अमेरिकी सैन्यातलं शिक्षण संपवून तो सुटीवर आमच्याकडे अलेक्झांड्रियाला आला तेव्हा आमच्या, सात जानेवारीच्या, नाताळाआधीचा मोठा उपास चालू होता. घरात दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. दार उघडलं तर समोर एक उंच, वाळका, डोकं भादरलेला शिपाई. छातीवर नावाची पट्टी शिवलेली: तेसेमा.

तेसेमा हे त्याच्या बापाचं नाव. आम्हा इथिओपियन लोकांत आडनाव नसतं. आपलं नाव, मागे बापाचं, संपलं. इथल्या फॉर्मात शेवटचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून बाप आडनाव होऊन बसतो.

"मावशी, सात महिने मला कुणी सुराफेल म्हटलंच नाही," बूट काढता काढता तो म्हणाला. "पहाटे साडेचारला सार्जंट ओरडायचा, तेसेमा, आडवा हो! तेसेमा, वीस जोर काढ! मी काढायचो, पण मनात यायचं, बिचारे बाबा. जन्मभर शाळेत घंटा वाजवली, कुणाला वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि आता रोज चिखलात लोळतायत."

असरात, माझा नवरा, पोट धरून हसला. मी क्रुसाची खूण केली. तेसेमाला जाऊन अकरा वर्षं झाली. हसू मलाही आलं होतं, ते शालीआड गेलं.

पाच वर्षांपूर्वी सुराफेल व्हिसाच्या सोडतीत नंबर लागून इथं आला. चार वर्षं त्यानं एका गोदामात खोकी रचली. मग एके दिवशी सांगून टाकलं, मी सैन्यात जातोय. मला वाटलं बंदूक शिकायला. तिथं त्यांनी त्याला पाणी गाळायला शिकवलं. नदीचं, डबक्याचं, कसलंही पाणी यंत्रातून काढून पिण्याजोगं करायचं, हे त्याचं काम. झेनेबेच अजून मायदेशी, देब्रे बिरहानला, नळावर पिवळे डबे रांगेत लावते. तिला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग त्याला इकडंच पाठव की. इथं काय कमी गढूळ आहे?"

पण ती इकडे यायची होती, तो तिकडे जायचा नव्हता. सगळा डाव त्यासाठी होता. ग्रीन कार्डवाल्याला आई आणता येत नाही, नागरिकाला येते. आणि सैन्यात असलेल्याला नागरिकत्व लवकर मिळतं. सोमवारी, तीस डिसेंबरला, त्याची मुलाखत होती. सगळं ठीक असलं तर शिपायांना कधी कधी त्याच दिवशी शपथ देतात. पाच जानेवारीच्या रविवारी त्याचं विमान कोरियाला, वर्षभरासाठी. मधल्या दिवसांत आईचा अर्ज टाकायचा आणि निवांत मनानं जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. शपथ राहिली तर कागद त्याच्या मागे समुद्र ओलांडत फिरणार आणि झेनेबेच आणखी एक हिवाळा एकटी काढणार. तिचे गुडघे थंडीत धरतात. त्या दिवसांत शेजारीण पाणी आणून देते तेव्हा घरात चूल पेटते.

निवांतपणा नावाला नव्हता. सुराफेल पाचला उठायचा. सोफ्यावरची चादर अशी ताणून लावायचा की त्यावर बसायला असरातला भीती वाटायची. मग इस्त्री. मग धावणं. मग परत इस्त्री. आणि दर तासाला त्याची निळी फाईल उघडून कागद मोजायचा. त्यात एक फॉर्म होता, तो चांगल्या वर्तनानं सेवेत आहे असं कर्नलनं सही करून दिलेला. त्या सहीसाठी तो पाच आठवडे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरला होता. एका कारकुनानं तर विचारलं म्हणे, "तू अजून नागरिक नाहीस? मग गणवेश कुणी दिला?"

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, तुम्हीच दिलात. मापाला मोठा आहे, तो बदलून द्या."

झेनेबेचही तिकडे स्वस्थ नव्हती. आपल्या अर्जाला लागेल म्हणून तिनं नगरपालिकेतून मुलाच्या जन्माचा दाखला काढला, इंग्रजी भाषांतरासकट, शिक्का मारून. गुरुवारी सकाळी त्याचा फोटो माझ्या फोनवर आला. मी चष्मा लावून वाचला. आईचं नाव बरोबर. बापाचं बरोबर. जन्म, तीस नोव्हेंबर एकोणीसशे सत्त्याण्णव.

सुराफेल धावायला गेला होता. मी त्याची निळी फाईल उघडली. ग्रीन कार्डावर, पासपोर्टावर, कर्नलच्या फॉर्मावर, सगळीकडे तीस नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव.

मी चष्मा पुसून परत वाचलं.

आमचं वर्ष इथल्यापेक्षा मागे चालतं. किती मागे, तर सगळे सांगतात आठ. पण आमचं नवं वर्ष सप्टेंबरात लागतं. तेव्हापासून इथलं वर्ष संपेपर्यंत फरक सातच असतो, एक जानेवारीनंतर आठ होतो. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट. आणि त्या दुपारी, या पोराचा सोडतीचा फॉर्म मी माझ्याच स्वयंपाकघरात कॉम्प्युटरवर भरला तेव्हा, जन्माचं वर्ष आमचं नव्वद, त्यात आठ मिळवले, अठ्ठ्याण्णव, असं लिहून मोकळी झाले. चुलीवर मसूर लागत होती, हेही आठवलं. नंबर लागल्यावर तिकडच्या एजंटानं सांगितलं, पासपोर्ट फॉर्मशी जुळला पाहिजे. म्हणून पासपोर्टही तसाच काढला. माझ्या एका चुकीवर पोराच्या सगळ्या आयुष्याचे कागद रचले गेले होते. आणि आता आई म्हणणार सत्त्याण्णव, मुलगा म्हणणार अठ्ठ्याण्णव. कुठला अधिकारी हे मायलेक मानेल?

मी कुणाला बोलले नाही. तो दिवस गेला, शुक्रवार गेला. भाकरीचं पीठ दोनदा फसफसून वाया गेलं. प्रार्थनेच्या पुस्तकात ओळ धरून वाचायचे आणि पान संपल्यावर कळायचं की काहीच वाचलेलं नाही. सुराफेल विचारायचा, "मावशी, बरं नाही का?" मी म्हणायची, उपास आहे.

शनिवारी गब्रिएलचा मोठा सण. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे पांढऱ्या शाली. मिरवणूक संपल्यावर मी आमच्या पुजाऱ्यांना, अब्बा किदानेंना, गाठलं. ते माझे आत्म्याचे पिता. वीस वर्षांपासून माझी सगळी पापं त्यांच्याकडे जमा आहेत. मी कोपऱ्यात उभी राहून रडत रडत सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "हे मला का सांगतेस?"

"मग कुणाला सांगू, अब्बा?"

"ज्याचं वर्ष तू खाल्लंस त्याला. देवाला त्याचा वाढदिवस माहीत आहे. त्याला नाही." आणि क्रूस माझ्या कपाळाला लावून पुढच्या बाईकडे वळले.

दुपारी मी कॉफी भाजली. पहिला पेला सगळ्यांना दिला. दुसरा दिला. तिसऱ्या पेल्याला, जो आशीर्वादाचा म्हणतात, मी फोन त्याच्यापुढे ठेवला आणि सांगितलं.

तो आधी हसला. "म्हणजे मी सत्तावीसचा? सार्जंट बरोबर म्हणत होता, म्हातारा आहेस म्हणून!" मग फाईल उघडली. मग हसणं थांबलं. पेला न संपवता उठला, बूट चढवले आणि बाहेर निघून गेला. आशीर्वादाचा पेला अर्धा राहिला.

"कशाला सांगितलंस?" असरात माझ्यावर तडकला. "सोमवारी मुलाखत आहे आणि आज सांगतेस? एका वर्षानं कुणाचं काय बिघडलं? आपल्या अर्ध्या देवळाचा वाढदिवस कागदावर एक जानेवारीला असतो. त्या सगळ्या आया काय एकदमच बाळंत झाल्या?"

"झेनेबेचचा अर्ज पुढे अडेल."

"पुढचं पुढं. आधी शपथ घेऊ दे."

दीड तासानं सुराफेल परत आला. कान लालभडक. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काका, सोमवारी तिथला अधिकारी मला उजवा हात वर करायला लावणार. मग विचारणार, जन्मतारीख बरोबर आहे? काल विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं आणि ते खोटं झालं नसतं. आज होईल."

"अरे, पण शपथ..."

"शपथच म्हणतोय मी."

असरातनं उठून त्याच्यापुढे तो अर्धा पेला गरम करून ठेवला. त्याचं माफी मागणं असंच असतं.

"काही पुरावा आहे का?" सुराफेलनं मला विचारलं. "दाखला तर आत्ता काढलेला. म्हणतील, पाहिजे ते लिहून घेतलं."

मी पलंगाखालची पेटी ओढली. एकोणिसाव्या वर्षापासून मी रोज वही लिहिते. रात्रीच्या प्रार्थनेनंतर एक पान, कधी दोन ओळी. इकडे येताना सामानात मिरचीचा मसाला आणायची जागा या वह्यांनी खाल्ली, हे असरात आजही पाहुण्यांना ऐकवतो. नव्वद सालची वही हिरव्या पुठ्ठ्याची होती. हिदार महिन्याचं, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातलं, पान निघालं.

"हिदार २१. सियोनच्या मरियमचा दिवस. सकाळी झेनेबेचला मुलगा झाला. तेसेमानं आनंदाच्या भरात शाळा दोन तास आधीच सोडली. मुख्याध्यापक रागावले, मग जेवायला आले."

सुराफेलनं ती ओळ तीनदा वाचली. बापाबद्दल कुणी नवीन काही सांगावं, असं फार वर्षांत झालं नव्हतं.

सोमवारी मीही बरोबर गेले. आमच्या हिशेबानं तो दिवसही एकविसावा, आणि दर महिन्याचा एकविसावा मरियमचाच. मी मनात म्हटलं, माउली, तुझ्या दिवशी जन्मलेला आहे, तूच बघ. बाहेरच्या खुर्च्यांवर बसले. भिंतीवर नंबर बदलत होते. माझ्याशेजारी एक फिलिपिनो बाई जपमाळ ओढत होती. तिचा मुलगा नौदलात. आम्ही एकमेकींच्या हातातल्या माळांकडे बघितलं आणि दोघी आपापले मणी ओढत बसलो.

वीस मिनिटांनी सुराफेल दारातून डोकावला. "मावशी, वही."

मी वही दिली. दार बंद. पंचवीस मिनिटं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. सैन्यानं त्याला शिकवलं असेल तर एवढं मात्र पक्कं शिकवलं.

"शपथ आज नाही," तो म्हणाला. "अधिकारी बाई चांगली आहे. सगळं लिहून घेतलं. म्हणाली, तुम्ही आपणहून सांगितलंत, याची नोंद करते. पण घरची वही पुरावा म्हणून चालत नाही. त्या काळचा दुसऱ्या कुणाचा कागद हवा. दवाखान्याचा, नाहीतर देवळाचा."

"वहीबद्दल काय म्हणाली?"

"विचारलं, ही बाई रोज लिहिते? मी म्हटलं, रोज. म्हणाली, मग घरात जपून वागत जा."

देवळाचा कागद. मला एकदम आठवलं आणि मी तिथंच, पार्किंगमध्ये उभी राहून, हिरवी वही पुढे चाळली. आमच्यात मुलाचा बाप्तिस्मा चाळिसाव्या दिवशी होतो. मुलीचा ऐंशीव्या. त्यात फरक होत नाही, कितीही थंडी असो. पान सापडलं. "ताहसास ३०. काल नाताळ झाला. आज चाळिसावा दिवस, बाळाला पाण्यात घातलं. पाणी बर्फासारखं. बाळ रडलं नाही, पुजारी घाबरले."

"देवळाच्या मोठ्या वहीत असणार," मी म्हटलं. "आपल्या नाताळाचा दुसरा दिवस."

मग सुरू झाली पळापळ. देब्रे बिरहानला झेनेबेच काठी टेकत देवळात गेली. ज्यांच्याकडे किल्ली ते पुजारी बाहेरगावी. मंगळवार गेला. बुधवारी इथं नवीन वर्षाची सुटी. सुराफेल घरातल्या घरात येरझारा घालत होता. त्यानं आमचा नळ दुरुस्त केला, मग जो बिघडलेला नव्हता तोही उघडून बसवला. पाण्याचा भांड्यात नमुना घेऊन उजेडात धरून बघायचा. असरात म्हणाला, "त्या नळाची तरी मुलाखत घेऊ नको, तो इथंच जन्मलाय."

गुरुवारी सकाळी फोटो आला. उंदरांनी कोपरा खाल्लेलं पान, जांभळी शाई, आणि मधोमध नाव. सुराफेल तेसेमा, त्याचं बाप्तिस्म्याचं नाव, धर्मपित्याचं नाव, ताहसास ३०, नव्वद. मी तो फोटो घेऊन अब्बांच्या कचेरीत धावले. तिथं त्यांचा मदतनीस भाषांतर टाइप करायला बसला.

"वर्षात किती मिळवू, ताई? आठ ना?"

"थांब!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की अब्बा शेजारच्या खोलीतून आले. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि बोटांवर मोजलं. ताहसास ३० म्हणजे आठ जानेवारी. एक जानेवारी उलटलेली. म्हणजे आता आठच. "आठ," मी म्हटलं. "लिही, अठ्ठ्याण्णव."

मदतनीस पुटपुटला, "मी तेच तर म्हणत होतो."

शुक्रवारी सकाळी आम्ही परत त्या बाईच्या समोर. यावेळी तिनं मलाही आत बोलावलं. कागद वाचला. ग्रीन कार्डाकडे बघितलं. परत कागदाकडे. मग पहिल्यांदा हसली.

"मिस्टर तेसेमा, तुमच्या कार्डाप्रमाणे तुमचा बाप्तिस्मा तुमच्या जन्माच्या जवळजवळ अकरा महिने आधी झालाय."

"हो मॅडम," सुराफेल ताठ बसून म्हणाला. "आमचं देऊळ फार तत्पर आहे."

तिनं मला विचारलं, चाळिसावा दिवस हे नक्की का? मी सांगितलं, नक्की. माझे चार भाचे, दोन पुतणे, सगळे चाळिसाव्याला. तिनं आठ जानेवारीपासून मागे चाळीस दिवस मोजले. कॅलेंडरवर पेन्सिल टेकवत, ओठ हलवत, आम्ही मोजतो तसंच. पेन्सिल तीस नोव्हेंबरवर थांबली. तिनं मान डोलावली आणि कागदाची प्रत काढली.

पण चूक सिद्ध झाली म्हणून त्याच दिवशी शपथ मिळत नाही. तारीख बदलायची तर वरच्या अधिकाऱ्याची सही लागते, आणि ते सोमवारी येणार. सोमवारी सुराफेल कोरियात असणार. "फाईल तुमच्या मागे येईल," ती म्हणाली. "तिकडच्या तळावर शपथ देतात. कधी, ते मी सांगू शकत नाही."

रविवारी विमानतळावर मी त्याला भाजलेल्या पिठाच्या गोळ्यांची पिशवी आणि शिरोचं, म्हणजे मसालेदार हरभऱ्याचं, पीठ दिलं. सात तारखेला आमचा नाताळ, आणि हा पोरगा दोन दिवस आधी उपास न सोडता चाललेला. मला राहवलं नाही. म्हटलं, "माझ्यावर राग असेल तर आत्ताच बोल. मनात घेऊन जाऊ नको."

त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. "आहे, मावशी. थोडा. पण लांबचा प्रवास आहे. पोचेपर्यंत संपेल."

खोटं बोलला असता तर मला जास्त लागलं असतं.

आत जायच्या आधी त्यानं झेनेबेचला फोन लावला. ती रडत नव्हती. म्हणाली, "बाबाचं नाव छातीवर आहे ना? मग जा. थंडीत डोकं झाक." तेवढ्यात कुणीतरी मागून हाक मारली, "तेसेमा!" त्याच्यासारखाच एक गणवेशातला पोरगा होता. सुराफेल वळला. झेनेबेचनं फोनवर ती हाक ऐकली. मग म्हणाली, "कोण बोलावतंय त्याला?"

"मला, आई," तो म्हणाला.

जानेवारी गेला. फेब्रुवारी गेला. दर आठवड्याला मी विचारायची, फाईल आली का? तो म्हणायचा, मावशी, पाणी आलं, बर्फ आला, फाईल नाही. एकदा कळलं की ती चुकीच्या तळावर गेली. एकदा कळलं की तिथून निघाली. ईस्टरआधीचा मोठा उपास लागला. मी वहीत वरच्या कोपऱ्यात रोज दोन तारखा लिहायला लागले, आमची आणि त्यांची, आणि लिहिल्यावर एकदा बोट ठेवून तपासायची.

मार्चात एका सकाळी त्याचा निरोप आला. शुक्रवारी, एकवीस मार्चला, शपथ. नवीन तारखेसकट. खाली लिहिलं होतं: मावशी, आपल्याकडे तो कुठला दिवस येतो?

मी मोजलं. मेगाबित महिन्याचा बारावा. बारावा म्हणजे मीकाएलचा दिवस. परत मोजलं. कॅलेंडर काढलं, परत मोजलं. मग झेनेबेचला फोन केला आणि सांगितलं, दाखला सांभाळून ठेव, शिक्का पुसू देऊ नको, शनिवारी तुझा अर्ज जाईल.

"नक्की शनिवारी?" ती म्हणाली. "तू मोजलंस का?"

असरात कामावर जायला बूट घालत होता. त्यानं मान वर करून विचारलं, "किती मिळवलेस या वेळी?"

"आठ," मी म्हटलं. "मार्च आहे."

तो गेला. दार लागल्यावर मी खुर्ची भिंतीपाशी ओढली आणि कॅलेंडरवर बोट ठेवून, एक जानेवारीपासून, पुन्हा सुरुवात केली.